ते पित्त नव्हतं, अॅकलेशिया होता

दोन वर्षं मी पित्ताच्या गोळ्या घेत होतो, पण माझा आजार होता अॅकलेशिया, म्हणजे अन्ननलिकेच्या हालचालीतला दोष. घास छातीच्या मध्यभागी अडकायचा, वर पाणी प्यायलं की कधी उतरायचा, कधी पाण्यासकट उलटून यायचा. त्याला आंबट चव नसायची, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं: अन्न जठरात पोचलेलंच नसायचं! रात्री आडवं झालं की ठसका. वजन घटत गेलं. एंडोस्कोपीत गाठ, व्रण काही दिसलं नाही, म्हणून पुन्हा त्याच गोळ्या.

मग एका डॉक्टरांनी नेमकं विचारलं, "पाणीही अडकतं का? पहिल्यापासून?" हो. गाठ असेल तर सहसा आधी घट्ट अन्न अडकतं. दोन्ही सुरुवातीपासून अडकत असतील तर दोष हालचालीत असण्याची शक्यता जास्त. बेरियम पाजून एक्स-रे काढला. फुगलेली अन्ननलिका खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालेली. मॅनोमेट्रीने, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीने, निदान पक्कं केलं. गिळताना जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल पडायला हवा, माझा पडतच नव्हता.

माझ्यासमोर उपाय होते: तो स्नायू फुग्याने ताणणं, तो बाहेरून कापण्याची १९१३ पासून चालत आलेली हेलर शस्त्रक्रिया, किंवा तोंडावाटे एंडोस्कोप घालून आतून स्नायू कापणं, म्हणजे २००८ मध्ये जपानमध्ये सुरू झालेली 'पोएम'. मी पोएम केली. नंतर पाण्याचा पहिला घोट सरळ खाली उतरला तेव्हा रडू आलं.

आता मात्र खरी जळजळ होते, कारण ते दार सैल झालंय. गोळी चालू आहे, उशाकडची बाजू उंच केली आहे. अन्ननलिकेची स्वतःची ढकलण्याची ताकद परत आलेली नाही, त्यामुळे जेवतो सावकाश, आणि जेवल्यावर लगेच आडवा होत नाही.