पिल्लू घेऊ का मोठा झालेला पोपट? बडोद्यात पक्षी घेण्याआधी हे बघून घ्या

पोपट पाळायचा म्हटलं की जो तो पिल्लूच मागतो. कारणपण ठरलेलं, लहानपणापासून हातात वाढला की लळा लागतो, मोठा पक्षी म्हणजे दुसऱ्यांच्या सवयी आपल्या गळ्यात. अर्धं खरं आहे. पण पिल्लू घेताना तुम्ही फक्त जात निवडता, तो पक्षी पुढे कसा निघेल हे कोणीच सांगू शकत नाही, ब्रीडरसुद्धा नाही. मोठ्याचं सगळं समोर दिसतं, ओरडतो किती, चावतो का, अनोळखी माणूस आला की काय करतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच पोपट घेणाऱ्या बऱ्याच घरांना मोठा झालेला, शांत पक्षीच बरा पडतो, फक्त तो नीट पारखून घ्यायला पाहिजे.

त्याआधी कायद्याचं बघा. गळ्याला रिंग असलेला आपला हिरवा देशी पोपट, मोठा पहाडी, जांभळ्या डोक्याचा, हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली येतात, पाळणं-विकणं-घेणं सगळंच गुन्हा. "पडलेलं पिल्लू वाचवलंय हो" म्हणून कोणी देत असेल तरी नको. म्हणजे प्रश्न फक्त विदेशी पक्ष्यांचा, बजी, कॉकाटील, लव्हबर्ड, कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे वगैरे. त्यातही बजी आणि कॉकाटीलना नोंदणी लागत नाही, पण कॉन्युअर, ग्रे, मकाव यांची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि पक्ष्याचं घर बदललं की तेही नोंदवावं लागतं. तेव्हा मोठा पक्षी घेताना आधीच्या मालकाकडे कागद मागा. "नंतर देतो" म्हणाला तर पैसेपण नंतर.

आता पिल्लाचं. पिल्लू गोड असतंच, कोणाच्याही मांडीवर बसतं, मान खाली करून खाजवून घेतं. मग ते वयात येतं. बजी साधारण सहा महिन्यांत, कॉकाटील वर्षभरात, कॉन्युअर दीड-दोन वर्षांत, ग्रेला चार-पाच वर्षंही लागतात. आणि तेव्हा तोच पोपट पिंजऱ्यात हात घातला की बोट फोडतो, घरातला एकच माणूस आपला मानतो आणि बाकीच्यांवर धावून जातो, आणि नेमकं तेव्हाच लोक कंटाळून पक्षी काढायला निघतात. म्हणून दोन वर्षांचा कॉन्युअर स्वस्तात मिळत असेल तर त्याच्यात खोट असेलच असं नाही, बिचाऱ्याचं वयच तसलं असेल. तुम्हाला हे झेपणार नसेल तर ते वय काढून बसलेला पक्षी बघा.

आणखी एक, डोळेसुद्धा न उघडलेलं पिल्लू "हँडफीड करा, जास्त टेम होईल" (म्हणजे हाताने भरवा, जास्त माणसाळेल) असं सांगून देतात, ते अजिबात घेऊ नका. फॉर्म्युला, म्हणजे पिल्लाला भरवायचं पातळ खाणं, 39 ते 41 डिग्री सेल्सियसच्या आसपासच लागतो, जास्त गरम झाला तर गळ्यातली पिशवी आतून भाजते, थंड झाला तर अन्न तिथेच साचून सडतं, सिरिंज चुकली तर थेट फुप्फुसात. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, घरात हौसेने करायचं नाही. स्वतः दाणे फोडून खाणारं पिल्लूच घ्या, आणि ते तुमच्यासमोर खाताना बघा, दुकानदाराच्या शब्दावर नको. स्वतः खायला लागलेलं पिल्लूसुद्धा प्रेमाने वागवलं तर टेम होतंच.

मग आयुष्याचा हिशोब. बजी 5 ते 10 वर्षं, कॉकाटील 15-20, कॉन्युअर 20-30, ग्रे 40 ते 60. पंचावन्नाव्या वर्षी ग्रेचं पिल्लू आणलंत तर ते नातवाच्या नावावर करूनच ठेवा! रिटायर झालेल्यांना पंधरा-वीस वर्षांचा ग्रे जास्त शोभतो. दोघं नोकरीला आणि घर दिवसभर बंद असेल तर पिल्लू नकोच, त्याला सारखं कोणीतरी लागतं. असल्या घरात मोठा ग्रेसुद्धा स्वतःची पिसं उपटत बसेल, त्यापेक्षा बजीची जोडी आणा.

आपल्याकडे मोठे पक्षी येतात कुठून? बरेचसे छोकरा कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेला म्हणून. हौस त्याची, आणि दाणापाणी राहिलं आई-बाबांकडे. असा पक्षी बहुतेक चांगला निघतो, कारण देण्याचं कारण पक्ष्यात नसतं. पण "फ्लॅट बदलतोय" म्हणणाऱ्यांना जरा खोदून विचारा, शेजाऱ्यांची तक्रार होती का म्हणून. बघायला दोनदा जा, एकदा दुपारी आणि एकदा दिवे लागायच्या वेळी, कारण पोपट खरा ओरडतो तो सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी सगळेच साधू असतात. तुम्ही हात पुढे करू नका, मालकालाच बाहेर काढायला सांगा आणि तो कसा काढतो ते बघा, टॉवेल टाकून पकडत असेल तर "एकदम टेम आहे"चा अर्थ कळला. कुठले शब्द बोलतो तेपण ऐकून घ्या. माझ्या ओळखीतल्या एका मराठी घरात असा ग्रे आलाय, दिवसभर जुन्या गुजराती घरच्या बांच्या (आजींच्या) आवाजात "ए मंजू, चा मूक", म्हणजे चहा ठेव, असं ओरडतो, घरात मंजू कोणी नाही तरी चहा मात्र होतो.

वय मालक सांगेल तेच धरून चालू नका. पायातली रिंग बघा, सलग बंद असेल आणि त्यावर वर्ष कोरलेलं असेल तर भरवसा ठेवता येतो, कारण ती पिल्लू अगदी लहान असतानाच पायात जाते. कापलेली उघडी रिंग कधीही घालता येते. ग्रेच्या पिल्लाचे डोळे काळपट असतात, पुढे पिवळट होत जातात. साध्या हिरव्या बजीच्या पिल्लाच्या कपाळावरच्या काळ्या रेषा थेट चोचीपर्यंत येतात, पहिली पिसं झडली की कपाळ साफ होतं. पण एकदा पूर्ण वाढला की पाच वर्षांचा का पंधरा वर्षांचा, नुसतं बघून कोणी सांगू शकत नाही.

तब्येतीसाठी पिंजऱ्याच्या तळाला नवा पेपर घालायला लावा आणि अर्धा तास गप्पा मारत बसा. शीट पडली की नीट बघा, हिरवट किंवा तपकिरी भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी, असं तिन्ही वेगळं दिसलं पाहिजे. पांढऱ्याच्या जागी पिवळं किंवा हिरवं दिसलं तर लिव्हरची भानगड असू शकते. गप्प बसलेला असताना शेपटी श्वासाबरोबर वरखाली हलत असेल, अंग फुगवून दिवसा झोपत असेल, नाकाशी ओलं असेल तर निघा तिथून. छातीच्या मधलं हाड हाताला सुरीच्या धारेसारखं लागलं तर पक्षी खंगलाय. पोपटाकडून माणसालाही ताप येणारा आजार आहे, सिटाकोसिस, घरात आजी-आजोबा असतील तर पक्षी डॉक्टरला दाखवूनच आणा. आणि हा डॉक्टर पक्षी घेण्याआधी शोधून ठेवायचा, कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. घरी आधीचा पक्षी असेल तर नव्याला महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा.

मोठा पक्षी घेताना त्याचा जुना पिंजरा, जुनं खाणं, नाव, सगळं तसंच घेऊन या. आल्या दिवशी "हे सूर्यफूल वाईट, आजपासून पेलेट (तयार खाण्याच्या गोळ्या)" असलं काही करू नका, पोपट अनोळखी खाण्याला तोंड न लावता उपाशी राहू शकतो. बदल हळूहळू, आठवड्यांच्या हिशोबाने. पहिले काही दिवस हात लावायचा नाही, जवळ बसून पेपर वाचा, बोला. कोणी आठवड्यात खांद्यावर येतो, कोणाला सहा महिने लागतात. आणि पिल्लू असो का मोठा, बाहेर काढण्याआधी सीलिंग फॅन बंद, आणि नॉनस्टिक तवा गॅसवर तापत ठेवायचा नाही, त्याच्या धुराने पक्षी मिनिटांत मरतो.

एवढं सगळं असूनही पिल्लूच घ्या असं कोणाला सांगेन? घरात दिवसभर कोणीतरी असेल, मुलं जरा मोठी असतील, आणि वयात आल्यावरचं ते वर्षभराचं चावणं हसून सोसायची तयारी असेल तर जरूर. कॉकाटीलने सुरुवात करा, ग्रेने नको.

आणायची वेळपण बघा. नवरात्रात मुळीच नको, रात्री उशिरापर्यंत गरब्याचे स्पीकर आणि पोपटाला लागते दहा-बारा तासांची झोप, नव्या घरात बिचारा आधीच घाबरलेला. दिवाळीत फटाके, उत्तरायण (संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणला धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, दोन दिवस आरडाओरडा. देवदिवाळी आटपली की आणा, उत्तरायणाच्या आधी त्याला रुळायला महिनाभर तरी मिळतो. वरघोड्याचा, म्हणजे लग्नाच्या वरातीचा, डीजे मात्र कोणाच्याच हातात नाही, तेवढ्यापुरता पिंजरा मागच्या खोलीत न्या.