एल युंकेच्या जंगलात गाइडसोबत एक दिवस : या चुका टाळा

कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या अखत्यारीतल्या प्युर्टो रिको बेटावर चार दिवस काढायचे म्हटलं की त्यातला एक एल युंकेचा असतोच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमध्ये उष्ण कटिबंधातलं वर्षावन हे एवढंच. क्षेत्रफळ सुमारे २८ हजार एकर, आणि राजधानी सान हुआनपासून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. सकाळी व्हॅनने न्यायचं, जंगलात चालवायचं, खडकाच्या नैसर्गिक घसरगुंडीवरून डोहात सोडायचं, दोराचा झोका द्यायचा, दुपारी किनाऱ्यावर जेवायला थांबवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, अशा टूर तिथे ढिगाने मिळतात. दिवस बहुधा मजेत जातो. बिघडलाच, तर त्याचं मूळ बऱ्याचदा बुकिंगच्या पानावर सापडतं. आपण नक्की काय विकत घेतोय, ते कुणी नीट वाचलेलंच नसतं.

नावात एल युंके, पण टूर जाते कुठे?

टूरच्या नावात 'एल युंके' असलं म्हणजे ती राष्ट्रीय वनाच्या हद्दीत जाईलच असं नाही. आत व्यावसायिक टूर न्यायची तर अमेरिकेच्या वनखात्याचा परवाना लागतो. झिपलाइन, दोराचे झोके, उंच दगडावरून उड्या हे प्रकार मुख्यतः हद्दीबाहेर, पायथ्याच्या खाजगी जमिनींवर चालतात. यात फसवणूक काही नाही. झाडी तशीच दाट असते आणि नदीही त्याच डोंगरातून उतरलेली असते. पण ला कोका धबधबा आणि योकाहू मनोरा बघायच्या आशेने गेलेला माणूस दिवसभर खाजगी जमिनीतल्या नदीत डुंबून परतला की वैतागतो. उलट, पाण्यात खेळायला मिळेल म्हणून मुलांना घेऊन गेलेलं कुटुंब मनोऱ्याचे जिने चढत बसतं.

म्हणून पैसे भरण्याआधी सरळ विचारा: वनाच्या आत किती वेळ, बाहेर किती? चालायचं किती आणि चढ कसा आहे? उडी मारायची नसेल तर बाजूने उतरायला वाट आहे का? वजनाची, उंचीची, वयाची मर्यादा काय? या शेवटच्या प्रश्नाला लोक फार लाजतात आणि फॉर्मवर वजन चार किलो कमी लिहितात. झिपलाइनची केबल आणि ब्रेक त्या आकड्यांवर बेतलेले असतात. तिथे काटा ठेवलेला असेल, तर तुम्हाला सगळ्यांदेखत बाजूला बसवतात आणि पैसेही परत मिळत नाहीत.

ला कोका आणि योकाहूच हवे असतील तर टूरची सक्तीच नाही. वनात शिरायला तिकीट नाही. १९१ नंबरच्या रस्त्याने गाडी नेली की ला कोकाचा २६ मीटरचा धबधबा रस्त्याला लागूनच दिसतो, आणि थोडं वर १९६३ साली बांधलेला योकाहू मनोरा. मात्र पार्किंगच्या जागा मोजक्या आहेत, तेव्हा सकाळी लवकर पोचा. ला कोकाच्या दगडांवर फोटोसाठी चढू नका. ते शेवाळ दिसत नाही, पाय ठेवल्यावरच कळतं.

अपेक्षेतली आणखी एक चूक प्राण्यांची. इथे माकडं नाचणार नाहीत की वाघ डरकाळी फोडणार नाही. या बेटावरचे मूळचे जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. बेटाचा हिरवा पोपट प्रसिद्ध आहे, पण १९७०च्या दशकात जंगलात तो जेमतेम १३ उरला होता आणि २०१७च्या मारिया चक्रीवादळाने एल युंकेतल्या पोपटांची पुन्हा दाणादाण उडवली. तो दिसेलच असं कुणी छातीठोक सांगत असेल तर दुसरी टूर शोधा. हमखास भेटतो तो कोकी, अंगठ्याएवढा बेडूक. अंधारून आलं की नर 'को-की, को-की' असा गजर लावतात. दिसत नाही, पण कान किटतात.

तारीख आणि घड्याळ

बरेच जण ही टूर सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवतात. ठेवू नका. नदी फुगली तर टूर रद्द होते किंवा दुसऱ्या दिवशी ढकलली जाते. मागे मोकळा दिवस नसेल तर पैसे आणि जंगल दोन्ही गेले. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच बुक करा आणि रद्द झाल्यास काय, ते आधी वाचून ठेवा. नुसता पाऊस पडतोय म्हणून कुणी टूर रद्द करत नाही. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे या डोंगरांवर अडतात आणि माथ्याकडे वर्षाला २०० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. फोनवर सान हुआनचं हवामान बघून 'आज ऊन आहे' म्हणण्यात काही अर्थ नाही.

घड्याळाचा घोळ जास्त चिडवतो. प्युर्टो रिकोत उन्हाळी वेळ पाळत नाहीत. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची आणि इथली वेळ एकच, पण हिवाळ्यात इथे एक तास पुढे. क्रूझने येणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावं, कारण जहाजावरची वेळ आणि बंदरावरची वेळ वेगळी असू शकते. टूरची वेळ स्थानिक असते आणि परत चढण्याची वेळ जहाजाची. दोन्ही एकाच कागदावर लिहा. स्वतःहून बाहेरून बुक केलेल्या टूरसाठी जहाज थांबत नाही.

आणि टॅक्सी अ‍ॅपवर विसंबू नका. जाताना उबर मिळते. येताना डोंगरात नेटवर्क नसतं आणि असलं तरी तिथे यायला ड्रायव्हर तयार नसतो. स्वतः भेटीच्या जागी पोचायचं असेल तर नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा.

बूट, चष्मा, फोन

सूचनांमध्ये 'बंद बूट' लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावतात. क्रॉक्सना भोकं असतात, पण बोटं झाकली जातात ना, असा युक्तिवाद होतो. चिखलात क्रॉक्स जागीच राहतो आणि पाय पुढे जातो. नाडीचे, पकड असलेले, भिजले तरी चालतील असे बूट हवेत. पण 'भिजायचंच आहे' म्हणून माळ्यावरचे जुने बूट काढून नेणं हीसुद्धा चूकच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटाचा गोंद कोरडा पडलेला असतो. पहिला ओढा ओलांडेपर्यंत काही होत नाही, मग टाचेपाशी फट पडते, मग प्रत्येक पावलाला सोल टाळी वाजवतो आणि शेवटी पुढच्या टोकाला लोंबकळत राहतो. गाइडकडे अनेकदा चिकटपट्टी असते. नसेल तर नाडी काढून सोलखालून गुंडाळा आणि घोट्याशी बांधा. नदीच्या काठापर्यंत निभतं, उड्यांना नाही. आदल्या दिवशी जुने बूट घालून हॉटेलच्या जिन्यावर दोन फेऱ्या मारल्या तर ही वेळ येत नाही.

जीन्स नको. भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटतात. आत पोहण्याचे कपडे, वर लवकर वाळणारी पातळ पँट आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट, एवढं पुरे. बाह्यांमुळे डासांचाही निम्मा प्रश्न सुटतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२४च्या मार्चमध्ये इथल्या आरोग्य खात्याने डेंग्यूमुळे आणीबाणी जाहीर केली होती. पाण्यात उतरायच्या तोंडावर मात्र अंगाला डासांचं मलम चोपडू नका. ते सगळं नदीत जातं.

चष्म्याला मागून दोरी बांधा. डोहात पडलेला चष्मा सापडत नाही. अंगठी हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. फोनचं वॉटरप्रूफ पाकीट नवं असेल तर आदल्या रात्री आत टिश्यू पेपर घालून बेसिनमध्ये बुडवून बघा.

फोटो धुरकट येत असतील तर फोन बिघडलेला नसतो. एसी व्हॅनमधून दमट हवेत आणल्यावर लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसलात तर पुन्हा धरतं. व्हॅनमधून उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं फोन बाहेरच्या हवेत राहू द्या, आपोआप निवळतं.

पाणी

बाकी सगळ्या चुकांनी दिवस खराब होतो. इथे जीव जातो.

एल युंकेतून निघणाऱ्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. वर माथ्यावर ढग फुटतो तेव्हा खाली डोहाशी लख्ख ऊन असू शकतं, आणि थोड्याच वेळात ते सगळं पाणी एकदम खाली येतं. स्थानिक लोक याला 'गोल्पे दे आग्वा' म्हणतात, पाण्याचा तडाखा. या बेटावर पोहणारे याच लोंढ्यात सापडतात.

चांगला गाइड गप्पा मारत असला तरी त्याचं एक लक्ष पाण्याकडे असतं. काठावरच्या एखाद्या दगडावर तो डोळ्यानेच खूण ठरवतो: कोरड्या आणि ओल्या भागाची रेघ. ती रेघ वर सरकली की संपलं. पाणी स्वच्छ हिरवट होतं ते चहासारखं तपकिरी होतं, वाळकी पानं आणि काटक्या वाहत येऊ लागतात, धबधब्याचा आवाज भरदार होतो. यातलं एक जरी दिसलं तरी तो शिट्टी मारतो, आणि तेव्हा 'फक्त एक उडी' म्हणणारा हमखास कुणीतरी निघतोच. तुम्ही तो होऊ नका. गाइडचं लक्ष नसताना ही खूण तुम्हाला आधी दिसली तर मोठ्याने ओरडा, चुकीचा ठरलात तरी बिघडत नाही.

गट दोन काठांवर अडकला तर? ओलांडू नका. गुडघ्याएवढं वेगाचं पाणीही पाय उचलतं. दोघांनी आपापल्या काठाने उंचावर जायचं आणि थांबायचं. या नद्या जितक्या पटकन चढतात तितक्याच पटकन, बहुतेक वेळा काही तासांत, उतरतात. सामान काठावर राहिलं असेल तर राहू दे.

लाइफ जॅकेटबद्दल: श्वास घेता येत नाही म्हणून लोक पट्टे सैल करतात. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं, कानापर्यंत येतं आणि माणूस आत लटकतो. गाइड दोन्ही खांदे धरून वर ओढून बघतो ते याचसाठी. त्याने बघितलं नाही तर तुम्हीच सांगा. पोहता येत नसेल तर व्हॅनमध्येच कानावर घाला. डोहाच्या काठावर, मागे रांग लागलेली असताना, ते सांगायचा धीर होत नाही.

घसरगुंडीवर पाय पुढे, हात छातीवर घडी. कोपरं बाहेर राहिली की खडक सालपटं काढतो. उडी गाइड दाखवेल त्याच जागेवरून आणि पाय खाली ठेवूनच. कालच्या व्हिडिओत कुणीतरी शेजारच्या दगडावरून मारली होती, हा आधार धरू नका. पुरात डोहाच्या तळाचे दगड सरकतात.

पोट आणि संध्याकाळ

रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरपेट खाऊनही नको. जेवणाचा थांबा बऱ्याचदा लुकीयोच्या किनाऱ्यावरच्या खाण्याच्या ठेल्यांवर असतो. शाकाहाऱ्यांनी विचारूनच घ्यावं. केळ्याच्या मोफोंगो नावाच्या पदार्थात डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असू शकतात, आणि राजम्याचा रस्सा निरागस दिसला तरी त्यात हॅम सापडतं.

काही टूर त्याच संध्याकाळी फाहार्दो गावच्या लागुना ग्रांदे या खाजणाला नेतात, जिथे वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं. कल्पना चांगली आहे, पण पौर्णिमेच्या आसपास नको. चांदण्यात ती चमक फिकी पडते. आणि तिथे पोहायला बंदी आहे, हे पाण्यात उतरायच्या तयारीने आलेल्यांना तिथेच कळतं.

हॉटेलवर परतल्यावर पायावरच्या खरचटलेल्या जागा साबणाने धुवा. नदीच्या पाण्यातून लेप्टोचा संसर्ग होऊ शकतो. २०२२च्या फियोना चक्रीवादळानंतर इथे त्याचे रुग्ण वाढले होते. लक्षणं लगेच दिसत नाहीत, बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांनी, म्हणजे तुम्ही घरी पोचल्यावर दिसतात. ताप, अंगदुखी, पोटऱ्या ठणकणं असं काही झालं तर डॉक्टरांना नुसतं 'व्हायरल असेल' म्हणू नका. 'दोन आठवड्यांपूर्वी जंगलातल्या नदीत पोहलो होतो' हे वाक्य आधी सांगा, म्हणजे ते डेंग्यूसोबत लेप्टोचीही तपासणी लिहून देतील.