बेळगावात मराठीवर भागतं, तरी कन्नड शिका

नोकरीनिमित्त किंवा लग्न होऊन बेळगावात आलेल्या मराठी माणसाची खरी अडचण ही, की इथे त्याचं काही अडतच नाही. गणपत गल्लीत भाजी मराठीत, शहापुरात साडी मराठीत, सकाळी दारात ‘तरुण भारत’, तोही इथूनच १९१९ पासून निघणारा. त्यामुळे वर्षानुवर्षं राहूनही बसची पाटी वाचता न येणारे पुष्कळ जण भेटतील. मात्र गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलकडे निघालात की हे लाड संपतात.

मी नाशिकची. आता टिळकवाडीत घर आहे, सासरमाहेर दोन्ही इथेच झाल्यासारखं. नवीन आलेल्यांना मी एकच सांगते: कन्नड शिका, आणि ती रस्त्यावरची शिका.

आधी इथल्या मराठीची सवय करून घ्या. ‘जेवलासा काय?’, ‘बसा की’ हे प्रेमाचं बोलणं आहे. आसपासच्या गावांतल्या बायका ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात; हसू नका आणि दुरुस्त तर मुळीच करू नका. कन्नडात ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नसतं, बाई आणि बुवा एकच रूप वापरतात. दोन्हींचा संबंध जोडायचा मोह मला होतो, पण कोल्हापूरकडेही असं बोलतात, तेव्हा पैज लावणार नाही.

आता कन्नड. ती द्राविडी, आपली आर्य कुळातली, म्हणून लोक आधीच घाबरतात. वाक्याची ठेवण मात्र तुमच्या ओळखीची निघते. ‘मला कन्नड येत नाही’ हे ‘ननग कन्नड बरंगिल्ल’. इथेही ‘मला’च आणि ‘येणं’च. ‘येतो म्हणून सांगितलं’ यातल्या ‘म्हणून’च्या जागी ‘अंत’ टाका, वाक्य उभं राहतं. ‘पाहिजे’ला ‘बेकु’, ‘नको’ला ‘ब्याड’. जेवणबिवण म्हणता तसं ते ‘ऊटगीट’ म्हणतात; आपल्या ‘बि’ची जागा ‘गि’ घेतो, एवढंच. मला सगळ्यात मजा वाटली ती चालू काळाची. बेळगावचा मराठी माणूस ‘जेवतोय’ म्हणण्याऐवजी ‘जेवाय लागलोय’ म्हणतो. इथला कन्नडिगही ‘ऊट माडाकत्तीनि’ म्हणतो, आणि त्यात ‘लागणं’ या अर्थाचं ‘हत्तु’ लपलेलं आहे.

या भागात भाषा एकमेकींच्या अंगाखांद्यावर वाढल्या, हे अभ्यासकांच्याही नजरेत भरलं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावातल्या मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगूवर गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ साली लिहिलं. शब्द आपापले ठेवून या भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलं होतं, की एका भाषेतलं वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यायचं. कुपवाडला जमलं ते तुम्हाला का जमू नये?

सोपं म्हणजे नामांचं लिंग. पुल्लिंग-स्त्रीलिंग फक्त माणसांना आणि देवांना. खुर्ची, टेबल, म्हैस सगळं ‘अदु’, म्हणजे ‘ते’. ती खुर्ची, तो पंखा, ते टेबल असली कसरत नाही. अवघड म्हणजे ‘ए’ आणि ‘ओ’. कन्नडात हे दोन्ही स्वर आखूडही असतात आणि लांबही. ‘कोडु’मधला ओ आखूड काढलात तर ‘दे’, लांबवलात तर ‘शिंग’. इथे कान तयार करावा लागतो, पुस्तक कामाला येत नाही.

पुस्तकाबद्दल आणखी एक. पुस्तकं आणि मोबाइलवरचे धडे बहुतेक बेंगळूरकडची कन्नड शिकवतात. ‘आहे’ला ते ‘इदे’ म्हणतील, इथे ‘ऐति’. ‘या’ला ते ‘बन्नी’, इथे ‘बर्री’. घर ‘मने’ नव्हे, ‘मनी’. शेवटी ‘री’ लावायला विसरू नका: ‘हेळ्री’ (सांगा), ‘हौद्री’ (होय), ‘एष्टरी’ (किती). या एका ‘री’वर भाजीवालीपासून साहेबापर्यंत सगळ्यांशी अदबीनं बोलता येतं. अडलात तर ‘सावकाश हेळ्री’ म्हणा. हो, ‘सावकाश’ इथल्या कन्नडात चालतो.

लिपी लवकर उरका. अक्षरांचा क्रम आपलाच आहे, क ख ग घ, आणि ‘ळ’सुद्धा आहे. शिरोरेषेऐवजी डोक्यावर छोटी खूण असते, तिला तलेकट्टु म्हणतात. जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली लटकतं. बसस्टँडवर गाडीची वाट पाहताना पाट्या वाचत बसा, दुसरा क्लास नको.

सीमाप्रश्नाचं काय, हे विचारालच. १ नोव्हेंबरला एका चौकात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे महाराष्ट्रात जाऊ इच्छिणारे मराठी लोक काळा दिवस पाळतात. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पहिलं वर्षभर चहाच्या टपरीवर या विषयावर मत देऊ नका, ऐका. आणि कन्नड शिकलात म्हणून तुम्ही कुणाच्या बाजूचे होत नाही. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी; १९७३चं ज्ञानपीठ त्यांना कन्नड कवितेसाठी मिळालं. जी. ए. कुलकर्णी त्याच धारवाडात राहून मराठी कथा लिहीत होते.

शेवटी कागदपत्रं. दुकान काढणार असाल तर २०२४च्या कायद्यानं पाटीवर साठ टक्के कन्नड हवी. मुलांना शाळेत कन्नड घ्यावीच लागेल. शाळा ठरवण्याआधी ती पहिली भाषा आहे की दुसरी, ते विचारून घ्या. जागेचा उतारा कन्नडात मिळतो. सही करण्याआधी निदान आपलं नाव आणि आडनाव स्वतः वाचा. ‘झ’ आणि ‘ज’ची अदलाबदल झाली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, नंतर हेलपाटे पडतात.