रुकू पिचिंचा एकट्याने: केबलकारच्या पुढचे साडेसातशे मीटर

इक्वाडोरची राजधानी कीटो पिचिंचा ज्वालामुखीच्या पायथ्याला खेटून वसली आहे. या डोंगराचा गुआगुआ पिचिंचा हा माथा अजून जागा आहे. १९९९ मध्ये त्याची राख शहरातल्या रस्त्यांवर पडली होती. रुकू पिचिंचा हा दुसरा माथा मात्र कधीचा थंडावलेला आहे. उंची ४,६९६ मीटर, वर हिमनदी नाही, त्यामुळे दोर, बर्फात रोवायची कुऱ्हाड किंवा वाटाड्या न घेता एका दिवसात जाऊन येता येतं. नोकरीनिमित्त कीटोत राहत होते तेव्हा हा डोंगर माझ्या सवयीचा झाला. सह्याद्रीत पाय मुरलेल्या माणसाला ही वाट पायांना फार जड जाणार नाही. खरी परीक्षा श्वासाची आहे, आणि बरोबर कुणी नसताना ती ओळखायचीही आपणच.

कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे आणि कीटोतली तुमची खोली सुमारे २,८५० मीटरवर. म्हणजे विमानातून उतरल्या क्षणी तुम्ही महाराष्ट्रातल्या सगळ्या डोंगरांच्या वर असता. दुसऱ्याच दिवशी रुकूवर निघू नका. निदान तीन-चार दिवस शहरात काढा, जुन्या कीटोच्या चढ-उतारांवर रमतगमत फिरा, पाणी भरपूर प्या, दारू टाळा. मधल्या एका दिवशी केबलकारने वर जा, तासभर गवतावर चाला आणि परत या. त्या रात्री झोप कशी लागते, सकाळी डोकं दुखतं का, हे नीट पाहा. उंचीचा त्रास टाळायची गोळी घ्यायची असेल तर ते घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

२००५ पासून चालू असलेली ही केबलकार, तेलेफेरिको, वीसेक मिनिटांत सुमारे ३,१०० मीटरवरून थेट क्रूस लोमाला, ३,९४५ मीटरवर नेऊन सोडते. पाय ताजेतवाने असतात, म्हणून लोक झपझप चालू लागतात, आणि अर्ध्या तासात छाती भरून येते. पायांचे कष्ट वाचले तरी हवा विरळ ती विरळच. वर पोचल्यावर आधी पंधरा मिनिटं बसा. मग इतक्या बेताने चाला की नाकाने श्वास घेता येईल.

पहिली गाडी किती वाजता सुटते आणि शेवटची किती वाजता उतरते, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. शनिवार-रविवारची सकाळ सगळ्यात चांगली, कारण वाटेवर स्थानिक चढणारे असतात. या डोंगरावर पूर्वी लुटालुटीच्या घटना झाल्या आहेत. केबलकारखालच्या उतारावरून शहरातून चालत वर जाऊ नका. वर चार-पाच जणांचा गट दिसला तर हाकेच्या अंतरावर चाला. तेवढ्याने एकटेपण मोडत नाही. कुठे जाताय आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे राहत्या जागी लिहून द्या. संकटकाळचा नंबर ९११. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण धुकं आलं की दहा पावलांवरचंही दिसत नाही.

पिशवीत दोन लिटर पाणी, वारा अडवणारं जाकीट, रेनकोट, लोकरी टोपी, हातमोजे, काळा चष्मा. विषुववृत्त जवळ आणि हवा पातळ, त्यामुळे ढगाळ दिवशीही चेहरा भाजून निघतो. सनस्क्रीन कानांना आणि मानेलाही लावा. खायला मी पानेला नेत असे. पानेला म्हणजे आपला उसाचा गूळच, कुठल्याही मंडईत मिळतो. भूक मेलेली असताना तोच एक घशाखाली उतरतो.

क्रूस लोमापासून पहिला टप्पा पारामोच्या, म्हणजे अँडीजमधल्या उंच माळरानाच्या, पिवळ्या गवतातून, चढ-उताराच्या मळलेल्या धारेवरून जातो. नारिंगी फुलांची झुडपं दिसतील, ती चुकिरागुआ. त्यांच्याजवळ उभं राहिलात तर हमिंगबर्ड येतातच. तिथे मी नेहमी थांबते. स्वच्छ सकाळी मागे वळून पाहिलं की कोतोपाक्सी, अंतिसाना आणि कायांबे हे बर्फाच्छादित ज्वालामुखी एका नजरेत येतात. फोटो तेव्हाच काढा, दुपारी ढग काही ठेवत नाहीत.

धार संपते आणि समोर कातळ उभा राहतो. नीट लक्ष द्यायचं ते इथे. कातळाच्या धारेवरून सरळ जाणाऱ्या वाटेवर ‘पासो दे ला मुएर्ते’ (मृत्यूची वाट) नावाचा, पडायची भीती असलेला उघडा टप्पा आहे. एकट्याने तिकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. रुळलेली वाट उजवीकडून कड्याच्या पोटातून आडवी जाते. मग वाळूचा चढ लागतो. दोन पावलं टाकली की एक मागे घसरतं. वीस पावलं चालायचं, दहा श्वास उभं राहायचं, एवढंच तंत्र. शेवटी हात लावून चढायचा खडक आहे. तो ओला असेल तर परत फिरा.

एकट्याचं सगळ्यात मोठं उणं हे की डोकं चालेनासं झालं तर सांगणारं कुणी नसतं. म्हणून प्रत्येक विश्रांतीला मी सतराचा पाढा उलटा म्हणते आणि टाचेला चवडा लावून सरळ रेषेत दहा पावलं चालते. पाढा अडला, तोल गेला, उलटी झाली किंवा बसूनही धाप थांबेना, तर ताबडतोब खाली. शिखर दहा मिनिटांवर असलं तरीही.

वेळेचंही तसंच. क्रूस लोमा ते माथा तीन ते चार तास, उतरायला दोन. दुपारी गडगडाट सुरू होतो आणि त्या उघड्या गवताळ धारेवर विजेपासून आडोसा नाही. साडेअकराची वेळ आधीच ठरवा आणि तेव्हा जिथे असाल तिथून वळा. उतरताना वाळूत टाचा रोवून झरझर खाली येता येतं, पण खाली कुणी चढत नाही ना, ते पाहून. शहरात पोचल्यावर लोक्रो दे पापा मागवा: बटाट्याचं दाट गरम सूप, वर चीज आणि आवोकाडो. डोकेदुखी रात्रीपर्यंत उतरली नाही तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा.