टॅगच्या ड्रॉमध्ये या चुका टाळा: आधी ठरवा, तुम्ही रांगेत आहात का सोडतीत

फेब्रुवारी लागला की मला मेसेज यायला लागतात. "दादा, एल्कचा फॉर्म भरायचाय, कुठलं युनिट टाकू?" एल्क म्हणजे इथलं मोठं हरीण, युनिट म्हणजे शिकारीसाठी आखलेला भाग, आणि टॅग म्हणजे एका जनावराच्या शिकारीचा परवाना. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आलेली आपली मराठी पोरं, हंटर एज्युकेशनचा कोर्स नुकताच झालेला, हातात नवीन कार्ड, उत्साह भरपूर. मी उलट विचारतो, की बाबा ज्या राज्यात भरतोयस तिथे पॉइंट्स आहेत का रँडम ड्रॉ, आणि पॉइंट्स असतील तर ते खर्च कसे होतात? पुढे शांतता. गेली कित्येक वर्षं त्याच त्याच चुका बघतोय म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मुळातलं सांगतो. पॉइंटवाल्या राज्यांत फॉर्म भरून टॅग लागला नाही की साधारणपणे त्या वर्षाचा एक पॉइंट जमा होतो. प्रेफरन्स पॉइंट म्हणजे रॅशनची रांग, ज्याचे पॉइंट जास्त तो पुढे, टॅग पुढून वाटत येणार आणि संपले की संपले. रँडम ड्रॉ म्हणजे म्हाडाची सोडत, तुम्ही पहिल्यांदा फॉर्म भरला असो का विसाव्यांदा, चिठ्ठी एकच. आणि मध्ये आहेत बोनस पॉइंटवाली राज्यं, तिथे सोडतच असते पण जुन्या माणसाच्या चिठ्ठ्या जास्त. नेवाडात पॉइंटचा वर्ग करून त्यात एक मिळवतात, म्हणजे तीन पॉइंटवाल्याच्या दहा चिठ्ठ्या आणि दहावाल्याच्या एकशे एक. हे तिन्ही प्रकार लोक एकच समजतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

ग्रुपमध्ये डोळे झाकून अर्ज करणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केलीय. आम्ही चौघं. माझे सहा पॉइंट, दुसऱ्याचे सहा, तिसऱ्याचे पाच, आणि चौथा आदल्याच वर्षी इथे आलेला, त्याचा शून्य. आम्ही निवडलेल्या युनिटला मागची तीन वर्षं चार पॉइंटला टॅग निघत होता. आम्ही खूश, सुट्ट्या टाकल्या, एकाने तर मोठा तंबू घेतला. मला वाटलेलं की ग्रुपची सरासरी काढत असतील, कारण मी आधी वायोमिंगमध्ये भरलं होतं आणि तिथे सरासरी काढतात. कोलोरॅडोत तसं नाहीये. इथे ग्रुपमध्ये ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी, त्याचे पॉइंट अख्ख्या ग्रुपला लागतात. म्हणजे आम्ही चौघंही शून्यावर उभे होतो. नियमाच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं होतं, मी ते पान उघडलंच नव्हतं.

रिझल्ट आला, कोणालाच टॅग नाही. आता लोक म्हणतात की पॉइंट तर गेले नाहीत ना, उलट एक वाढला. बरोबर आहे, पण वर्ष गेलं. आणि त्याच हिवाळ्यात आमच्यातल्या एकाची नोकरी टेक्सासला गेली. आता तो बाहेरच्या राज्याचा, त्याचा कोटा वेगळा आणि लहान, आणि इथल्या रहिवाशाला एल्कचा टॅग शंभर डॉलरच्या आत पडतो तो त्याला आठशेच्या वर. आम्ही चौघं एकत्र कधीच गेलो नाही. तो तंबू अजून माझ्या गॅरेजमध्ये आहे, त्याच्या पिशवीवर चौघांची नावं मार्करने लिहिलेली आहेत.

तेव्हापासून माझी सवय अशी, की ग्रुपचा फॉर्म भरायच्या आधी सगळ्यांना आपापल्या अकाउंटमधल्या पॉइंटचा स्क्रीनशॉट पाठवायला लावतो. तोंडी आकडा घेत नाही. "बहुतेक चार असतील" हे वाक्य मी लय वेळा ऐकलंय. नवीन माणसाला बरोबर न्यायचंच असेल तर शून्य पॉइंटला निघणारं युनिट सगळ्यांनी मिळून भरायचं, नाहीतर सरळ वेगवेगळं भरायचं आणि ज्याचा टॅग लागेल त्याच्याबरोबर बाकीच्यांनी ओझं उचलायला जायचं. एल्क पडल्यावर मांस खाली आणायला चार माणसं लागतातच, त्यामुळे बिनटॅगचा मित्र काही फुकट जात नाही.

पहिल्या चॉइसवर पॉइंट जाळणे

कोलोरॅडोत फॉर्मवर चार चॉइस असतात, पण पॉइंट फक्त पहिल्या चॉइसला लागतात आणि पहिल्याच चॉइसला जातात. आणि जातात म्हणजे सगळे जातात. तुमच्याकडे आठ आहेत आणि युनिटला एक पुरत होता, तरी आठच्या आठ शून्य. ओळखीतल्या एकाने असंच केलं, आठ वर्षं जमवलेले पॉइंट अशा मादी एल्कच्या टॅगवर घातले जो दुसऱ्या चॉइसला दरवर्षी उरतो. त्याला कळलं पुढच्या वर्षी, अकाउंट उघडल्यावर.

उपाय एकदम साधा आहे. यावर्षी मोठ्या युनिटला नंबर लागणार नाही हे दिसत असेल तर पहिल्या चॉइसला नुसता पॉइंट घ्यायचा कोड टाका, एल्कसाठी तो ई-पी-९९९-९९-पी असा असतो, आणि दुसऱ्या चॉइसला खरंखुरं निघणारं युनिट टाका. पॉइंटही मिळतो आणि बऱ्याचदा शिकारही होते. मी स्वतः कित्येक वर्षं असंच करत आलोय.

कोडवरून आठवलं. ई-एम-०६१-ओ१-आर, यात ई म्हणजे एल्क, एम म्हणजे नर, ०६१ युनिट, ओ१ पहिला सीझन, आर रायफल. एक अक्षर चुकलं की नराऐवजी मादीचा टॅग, किंवा रायफलवाल्याच्या हातात धनुष्यबाणाचा टॅग. मी कोड मोठ्याने वाचतो आणि बायकोला पुस्तिकेत बोट ठेवून तपासायला लावतो.

रांगेच्या शेपटाला उभं राहून पुढे सरकण्याची वाट बघणे

याला इथे पॉइंट क्रीप म्हणतात आणि नवीन मुलांना हे कोणी समजावून सांगत नाही. कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यातली युनिट २, १०, २०१ ही एल्कसाठी नावाजलेली, वीसपेक्षा जास्त पॉइंट लागतात. आजचा शून्यवाला म्हणतो, ठीक आहे, वीस वर्षं थांबू. पण गणित करून बघा. समजा एखाद्या युनिटला वर्षाला ४० टॅग आहेत आणि वरच्या पायरीवर ४०० लोक उभे आहेत, तर ती एक पायरी रिकामी व्हायलाच दहा वर्षं लागणार, आणि तोपर्यंत त्याच्या खालची पायरीही दरवर्षी एकेक पॉइंट घेत वर सरकत राहणार. म्हणजे तुम्ही चालताय पण दारही मागे जातंय. अशा युनिटमध्ये थोडे टॅग पाच किंवा जास्त पॉइंटवाल्यांसाठी सोडतीने काढतात, तेवढीच आशा. पण त्यावर आयुष्याचा प्लॅन करू नका.

म्हणून प्रत्येक नवीन माणसाला मी सांगतो, पॉइंट जमवायचे असतील तर एका किंवा दोन राज्यांत जमवा, आणि त्याच्याबरोबर रँडम राज्यांत दरवर्षी न चुकता भरा. न्यू मेक्सिकोत पॉइंट हा प्रकारच नाहीये, आयडाहोतही नाही. न्यू मेक्सिकोत बाहेरच्यांना, गाइड न घेता, फक्त ६ टक्के टॅग आहेत हे खरं, पण तिथे पहिल्या वर्षीचा माणूस आणि तीस वर्षं भरणारा माणूस एकाच ओळीत असतात. माझ्या मते नवीन माणसासाठी हीच पद्धत न्यायाची आहे. जुने लोक चिडतात, त्यांनी वीस वर्षं पैसे भरलेत, त्यांचंही दुःख मला कळतं, पण आज बारा वर्षांच्या पोराला "तुझा नंबर पस्तिसाव्या वर्षी" असं सांगणं मला पटत नाही.

न्यू मेक्सिकोतली नेहमीची चूक म्हणजे तिन्ही चॉइस सगळ्यात अवघड युनिटवर घालवणे. तुमचा नंबर निघाला की तुमचे तिन्ही चॉइस बघूनच पुढच्या माणसाकडे जातात, त्यामुळे तिसरा चॉइस तरी निघण्यासारखा ठेवा. आणि हो, तिथे टॅगची पूर्ण फी आधी भरावी लागते, नाही लागलं तर परत येते, क्रेडिट कार्डवर तेवढी जागा ठेवा.

बाकीच्या पटापट सांगतो.

वायोमिंगमध्ये बाहेरच्यांसाठी एल्क, हरीण, प्राँगहॉर्नचे (हरणासारखं जनावर) ७५ टक्के टॅग पॉइंटवर आणि २५ टक्के सोडतीवर जातात, त्यामुळे शून्य पॉइंट आहेत म्हणून भरायचंच नाही हे चूक. पण तिथे लागोपाठ दोन वर्षं काहीच केलं नाही तर जमवलेले पॉइंट जातात, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कोलोरॅडोत मूस (एल्कपेक्षाही मोठं हरीण) किंवा बिगहॉर्न शीपसाठी (डोंगरातली रानमेंढी) तीन पॉइंट झाले म्हणजे नंबर लागला असं समजू नका, तीन पॉइंटनंतर फक्त सोडतीत प्रवेश मिळतो. त्यापुढे वेटेड पॉइंट सुरू होतात, तुमच्या अर्जाच्या रँडम आकड्याला वेटेड पॉइंट अधिक एकने भागतात आणि ज्याचा आकडा सगळ्यात लहान त्याला टॅग. म्हणून नवखाही कधी जुन्याच्या पुढे जातो, त्यात घोटाळा नाहीये.

कोलोरॅडोत राहायला येऊन सहा महिने पूर्ण व्हायच्या आत इथला रहिवासी म्हणून भरू नका. हा गुन्हा आहे, "कोण बघतंय" म्हणणाऱ्याचा सल्ला ऐकू नका.

जुन्या माहितीवर जाऊ नका. २०२५ पासून कोलोरॅडोच्या पश्चिम भागात बाहेरच्या लोकांना ड्रॉशिवाय थेट काउंटरवर मिळणारा धनुष्यबाणाचा एल्क टॅग बंद झाला, तरी अजून लोक तो घ्यायला गाडी भरून येतात.

आणि पैसे घेऊन टक्केवारी सांगणाऱ्या ॲपवर अख्खा भरवसा नको. ती टक्केवारी मागच्या वर्षाची असते. मी राज्याच्या वन्यजीव खात्याचा ड्रॉ रिकॅप रिपोर्ट, म्हणजे झालेल्या ड्रॉच्या निकालाचा तक्ता, प्रिंट काढतो, मागच्या तीन वर्षांचा, आणि किती पॉइंटचे किती लोक होते त्या रकान्यावर पेन्सिलने खुणा करतो. एक संध्याकाळ जाते. ज्यांना एक संध्याकाळ द्यायची नसते तेच लोक नंतर सिस्टीमला शिव्या देतात, आणि मला त्याचा खरंच कंटाळा आलाय.

कोलोरॅडोची शेवटची तारीख एप्रिलचा पहिला मंगळवार, रात्री आठपर्यंत. मी मार्चच्या मध्यावर भरतो, कार्डाची एक्सपायरी बघतो, कन्फर्मेशनचा मेल आला की त्यातले चारही कोड परत एकदा पुस्तिकेशी लावून बघतो. चूक सापडली तर शेवटच्या तारखेपर्यंत फॉर्म बदलता येतो.