कंपवाताचा स्कॅन वाचायला बसताना

रेडिओलॉजीत एमडी करताना न्यूरोची पोस्टिंग लागली की पहिलं आश्चर्य हे वाटतं: साध्या कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, नेहमीचा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. मग न्यूरॉलॉजीवाले तो मागवतात कशाला? तर कंपवाताच्या वेषात आलेले दुसरे आजार पकडायला. पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी), एमएसए (मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी), पाणी साठून फुगलेली व्हेंट्रिकल्स, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्या, मेंदूत जागोजागी झालेले छोटे स्ट्रोक. लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाचा, गुण या पेशंटना सहसा फारसा किंवा फार काळ येत नाही. पीएसपीचा पेशंट तर सुरुवातीच्या काही वर्षांतच तोल जाऊन पडायला लागतो. पुढे काय वाढून ठेवलंय, हे घरच्यांना वेळेत कळायला हवं.

सुरुवात मधोमध कापलेल्या सॅजिटल, म्हणजे बाजूने दिसणाऱ्या, टी-वन चित्रापासून करा (टी-वन, टी-टू हे एमआरआयचे प्रकार). मिडब्रेनची, म्हणजे मेंदूच्या देठाच्या वरच्या भागाची, वरची कड एरवी फुगीर असते. पीएसपीत ती सपाट होते, मग खोलगट, आणि झिजलेला मिडब्रेन चोचीसारखा, तर खालचा जाडजूड पॉन्स पक्ष्याच्या पोटासारखा दिसतो. हाच तो हमिंगबर्ड साइन. आमच्या मॅडम केस मांडणाऱ्याला मध्येच थांबवायच्या: "पक्षी सगळ्यांनाच दिसतो रे, आकडा सांग." तेव्हा राग यायचा, आता मीही तेच म्हणतो. कारण एकदा शंका आली की पक्षी कुठल्याही म्हाताऱ्या मेंदूत दिसायला लागतो. ओबा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मिडब्रेनचं क्षेत्रफळ मोजलं, तेव्हा पीएसपीत सरासरी ५६ चौरस मिलिमीटर आलं, पार्किन्सन्समध्ये १०३ आणि निरोगी माणसांत सुमारे ११८. फरक जवळपास निम्म्याचा. पुढे २००८ मध्ये क्वात्रोने यांच्या गटाने पॉन्स आणि मिडब्रेनची क्षेत्रफळं आणि सेरेबेलमला (लहान मेंदूला) जोडणाऱ्या दोन पेडंकल्सची, म्हणजे देठांची, रुंदी एका सूत्रात बांधली; एमआरपीआय (मॅग्नेटिक रेझोनन्स पार्किन्सनिझम इंडेक्स) म्हणतात तो हाच.

मोजण्याआधी स्लाइस खरंच मधली आहे का ते बघा. अॅक्विडक्ट, म्हणजे मिडब्रेनमधून जाणारी पाण्याची बारीक नळी, सलग दिसत नसेल तर मोजमाप सोडून द्या. आणि व्हेंट्रिकल्स मोठी असतील तर आकड्यावर भिस्त ठेवू नका, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसमध्येही (वर सांगितलेलं पाणी साठणं) मिडब्रेन बारीक दिसू शकतो.

एमएसएबद्दल थोडक्यात. पॉन्समध्ये टी-टूवर क्रॉस दिसतो, तो 'हॉट क्रॉस बन'. पण काही स्पायनोसेरेबेलर अॅटॅक्सियांतही (तोल बिघडवणारे आनुवंशिक आजार) तो असतो. पुटामेनच्या (मेंदूच्या खोल गाभ्यातला एक भाग) बाहेरच्या कडेची पांढरी रेघ १.५ टेस्लाच्या चुंबकावर अर्थपूर्ण असते. ३ टेस्लावर निरोगी माणसातही दिसते, तेव्हा मशीन कोणतं ते आधी वाचा.

आता डॅट स्कॅन, म्हणजे डोपामिनच्या पेशींच्या टोकांवरचा डोपामिन ट्रान्सपोर्टर दाखवणारा न्यूक्लिअर स्कॅन. अमेरिकेत त्यासाठीच्या आयोफ्लुपेन या किरणोत्सारी औषधाला २०११ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे जास्त चालतो तो ट्रोडॅट, कारण त्याला लागणारं टेक्निशियम न्यूक्लिअर मेडिसिनच्या विभागात जनरेटरमधून रोज निघतंच. इंजेक्शननंतर तीन-चार तासांनी चित्रं घेतात. निरोगी स्ट्रायटम (पुटामेन हा त्याचाच भाग) स्वल्पविरामासारखं दिसतं. डोपामिनच्या पेशींची टोकं कमी झाली की मागची शेपटी जाते आणि पूर्णविराम उरतो. मात्र पार्किन्सन्स, एमएसए, पीएसपी या तिन्हींत ती जाते. म्हणून "डॅट पॉझिटिव्ह, म्हणजे पार्किन्सन्स" असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. तो स्कॅन उपयोगी पडतो दुसऱ्या प्रश्नाला: डोपामिनच्या पेशी खरंच झिजल्यात, की हा नुसता इसेन्शियल ट्रेमर (कंपवात नसलेली हाताची थरथर) आहे किंवा औषधामुळे झालंय?

औषधाचा मुद्दा आपल्याकडे फार मोठा आहे. अॅसिडिटीच्या काही गोळ्यांमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. आजोबा ती महिनोन् महिने चहाआधी घेतात आणि हळूहळू हात कापायला लागतात, चाल मंदावते. चक्करवरची सिनारिझिन, फ्लुनारिझिन तशीच. ही औषधं डोपामिनचा रिसेप्टर अडवतात, ट्रान्सपोर्टरला हात लावत नाहीत, म्हणून ट्रोडॅट नॉर्मल येतो. पण हा महागडा स्कॅन करण्याआधी नातेवाइकांकडून औषधांची पिशवी मागून घ्या. रिक्वेस्ट फॉर्मवर फक्त "? पार्किन्सन्स" लिहिलेलं असतं, तेवढ्यावर वाचायला बसू नका.

खरा निवाडा कधी कधी एफडीजी पेटवर, म्हणजे मेंदू कुठे किती ग्लुकोज घेतो ते दाखवणाऱ्या स्कॅनवर, होतो. पार्किन्सन्समध्ये पुटामेन ग्लुकोज नीट घेतं, एमएसएत ते आणि सेरेबेलम फिकट पडतात, पीएसपीत मिडब्रेन आणि फ्रंटल लोबचा आतला भाग, सीबीडीत (कॉर्टिकोबेसल डीजनरेशन, याच कुळातला आणखी एक आजार) मुख्यतः एकाच बाजूचं कॉर्टेक्स.

याच वाटेने जायचं असेल तर डीएम न्यूरोरेडिओलॉजी ही एमडीनंतरची पदवी बंगळूरच्या निम्हान्स, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा आणि दिल्लीच्या एम्समध्ये आहे. तोवर सरावाला पीपीएमआय या पार्किन्सन्सवरच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा डेटा आहे. अर्ज केला की फुकट मिळतो, एमआरआय आणि डॅट दोन्ही. पीएसपीच्या केसेस मात्र त्यात शोधू नका, त्यासाठी ४-आरटीएनआय हा वेगळा अभ्यास आहे.