हरिपाठाला येणारे आजी-आजोबा गळत चाललेत? या चुका टाळा

आमच्या विठ्ठलमंदिरात रोज संध्याकाळी साडेपाचला हरिपाठ असतो. मी मंडळाची चिटणीस झाले तेव्हा पटावर चाळीसेक नावं होती, बहुतेक पासष्टीपुढची. दोन वर्षांत रोज येणारे वीसही उरले नाहीत. काही देवाघरी गेले, काही मुलांकडे पुण्या-मुंबईला. पण बाकीचे गावातच होते, दोन-चार गल्ल्यांवर, आणि तरी येत नव्हते. आम्ही मालिकांना, सुनांना आणि गुडघ्यांना दोष देऊन मोकळे झालो होतो. घरोघर जाऊन विचारलं तेव्हा कळलं की निम्मी कारणं आमच्याच सभामंडपात होती.

म्हातारपणात देऊळ काय देतं? पुण्याचा हिशेब वर होईल तेव्हा होईल. इथे मिळतं ते एक निमित्त: तोंड धुऊन, स्वच्छ पातळ नेसून, ठरल्या वेळी घराबाहेर पडायचं. हे निमित्त महिनाभर सुटलं की पुन्हा धरणं जड जातं. त्यामुळे पुढच्या चुका बारीक वाटल्या तरी महागात पडतात. यातल्या बहुतेक आम्ही स्वतः केल्या आहेत.

न आलेल्याची चौकशीच न करणे

मंडळातल्या एक मावशी तीन आठवडे आल्या नाहीत. प्रत्येकीला वाटलं, लेकीकडे गेल्या असतील. मी गेले तर मावशी घरीच, ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. "गुडघे गं," म्हणाल्या. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मला सोडायला फाटकापर्यंत आल्या त्या मात्र तरातरा. तिथे इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? तिथं जायची सोय नाही ना. मधेच लागली तर काय करू?"

सगळा प्रश्न एवढाच होता. पण पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही, हे तेव्हा शिकले. "का येत नाही?" असं विचारलं की गुडघे, पाहुणे नाहीतर ऊन यांपैकी काहीतरी पुढे येतं. त्याऐवजी "तिथे कशाचा त्रास होतो?" असं विचारावं, एकट्यात विचारावं, आणि बाईला बाईनेच विचारावं. आता आमच्याकडे हजेरीची वही आहे. सांगितल्याशिवाय दोन दिवस कोणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जातो, आणि फोन उचलला नाही तर माणूस जातं. वसईकडच्या चर्चमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी फादर कम्युनियन, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेतला पवित्र प्रसाद, घेऊन जातात. आपल्याकडे प्रसादाची पुडी पोचवायला काय हरकत आहे? पुडीच्या निमित्ताने घर नजरेखालून जातं.

संडास-बाथरूमचा विचार न करणे

मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की कळस आधी ठरतो आणि मोरी राहूनच जाते. साठीनंतर लघवी तुंबवून धरणं अनेकांना जमत नाही. बायकांना खोकताना-हसताना थेंब जातो, पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असतो, आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर विचारूच नका. मग माणसं काय करतात? दुपारपासून पाणी पिणं बंद करतात. त्याने लघवी जळजळते, बद्धकोष्ठ होतं, उन्हाळ्यात चक्कर येते. एवढं करूनही धास्ती असते ती असतेच, आणि एक दिवस येणंच बंद होतं.

आम्ही विश्वस्तांशी भांडून मागच्या बाजूला एक कमोड बसवून घेतला. तो सभामंडपापासून वीस पावलांवर आहे. वाटेत पायरी नाही, धरायला दांडी आहे, दिवा आहे आणि कडी बाहेरूनही उघडता येते. किल्ली गुरवाच्या कमरेला ठेवायची नाही, हा नियम मात्र आम्हाला दोनदा सांगावा लागला. बांधायला पैसे नसतील तर शेजारच्या घराशी बोलून ठेवा. हरिपाठाच्या मध्यावर पाच मिनिटं थांबलं की उठून जाणाऱ्याला ओशाळं वाटत नाही. आणि हे थेंब जाणं म्हणजे "वयानं होतंच" असंही नाही. व्यायामाने, औषधाने पुष्कळांचं कमी होतं, म्हणून डॉक्टरला सांगायला लावा.

खुर्च्या भिंतीला, माणसं मागे

मांडी घालता येत नाही म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, इथवर ठीक. पण त्या मागे भिंतीलगत एका ओळीत मांडल्या. झालं, सतरंजीवर भजन आणि मागे प्रेक्षक! टाळ हातातून गेले, हळूहळू आवाजही गेला. खुर्च्या त्याच गोलात घ्या, पेटी-पखवाजाच्या बाजूला. खुर्चीला हात असावेत, म्हणजे उठताना रेटा देता येतो.

दुसरी गोष्ट उभं राहण्याची. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभं राहायला सांगितलंय, आपण पाच आरत्या आणि मंत्रपुष्पांजली होईपर्यंत उभं करतो. त्यातही पाऊण तास बसलेलं माणूस घंटा वाजली म्हणून झटकन उठतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बसून एकदम उठलं की रक्तदाब क्षणभर उतरतो, गोळ्या चालू असणाऱ्यांचा जास्तच. आरतीआधी मिनिटभर बसल्या जागी पावलं हलवा, मग आधार धरून उठा. ज्यांना जमत नाही त्यांनी बसून टाळ्या वाजवाव्यात, आणि पुढच्या कोणी त्यांच्याकडे वळून बघू नये. गाभाऱ्यासमोरचं अभिषेकाचं पाणी, तेलाचे ओघळ, दारातला पायपुसण्याचा तुकडा आणि संगमरवरी उंबरा हे चार शत्रू वेगळेच. साठीपुढे खुबा मोडला की अनेकजण पूर्वीसारखे फिरत नाहीत. फरशी कोरडी ठेवायला रोज एकाने पाच मिनिटं दिली की भागतं.

आवाज वाढवला की ऐकू येतं, हा गैरसमज

कमी ऐकू येणाऱ्याला मोठा आवाज नको असतो, स्पष्ट हवा असतो. घुमणाऱ्या मंडपात स्पीकर वाढवला की शब्दांचा काला होतो, आणि कानात यंत्र असेल तर टाळांचा खणखणाट डोक्यात जातो. आमचे एक काका यंत्र काढून खिशात ठेवायचे. सांगणारा समोर, उजेडात, तोंड दिसेल असा बसला तर निम्मं काम होतं. सूचना फळ्यावर ठळक लिहा. भजनाच्या वह्यांचं अक्षर मोठं करून घ्या, झेरॉक्सवाला सहज करून देतो. हे फक्त सोयीचं म्हणून सांगत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंश आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली, त्यात कमी ऐकू येणंही आहे आणि माणसांपासून तुटणंही. ऐकू येत नाही म्हणून देऊळ सोडणाऱ्याच्या बाबतीत ही दोन्ही एकाच वेळी होतात.

उपवासाची चढाओढ

एकादशीला "मी तर निर्जळी केली" हे वाक्य आमच्या ओसरीवर फार ऐकू येतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतं. उलट साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं आणि वर खजूर खाल्ले की ती भसकन चढते. उपवास करायचाच असेल तर गोळ्यांचं काय करायचं ते आधी डॉक्टरला विचारा, मनाने सोडू नका. मंडळात साखरेचा डबा असू द्या. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. सवलत इतर धर्मांतही असते. रमजानच्या रोज्यातूनही आजारी आणि थकलेल्यांना मोकळीक असते. तरीही चारचौघांत उपवास मोडल्याचं कबूल करायला माणसं लाजतात. आमच्याकडे भजनीबुवांनीच एकादशीला सगळ्यांसमोर दूध-फळं घेतली, तेव्हा बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला.

शाल देऊन निवृत्त करणे

ज्येष्ठ नागरिक दिन आला की शाल, श्रीफळ, दोन भाषणं, आणि दुसऱ्या दिवसापासून "तुम्ही बसा हो, आम्ही बघतो." याच्याइतकं म्हातारं करणारं दुसरं काही नाही. जुन्या चाली कोणाला येतात? पंचपदीचा क्रम कोण चुकू देत नाही? सप्ताहात विण्याचा पहारा त्यांना नक्की द्या, पण दोन तासांचा नको, अर्ध्या तासाचा, दिवसाउजेडी, आणि पुढचा पहारेकरी शेजारी बसवून.

याच ओळीत एक कडू गोष्ट. हळदीकुंकवाला विधवांना न बोलावणारी मंडळं अजून आहेत. सत्तरीनंतर मंडळातल्या कितीजणींचे नवरे हयात असतात, ते मोजून बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करायचा ठराव केला. आपल्याला ठरावही लागत नाही, फक्त करंडा पुढे करायचा.

"नाम घ्या, सगळं ठीक होईल"

नामाने बळ येतं हे मी रोज बघते. पण झोप उडालेली, जेवण तुटलेलं, "आता कशाला जगायचं" म्हणणारं माणूस असेल तर नामाबरोबर डॉक्टरही हवा. अभंग पाठ असून घरची वाट चुकणारं असेल तरीही तेच. जुनं पाठांतर बऱ्याचदा खूप उशिरापर्यंत टिकतं, त्यामुळे भजनात ते माणूस ठणठणीत दिसतं आणि आपण फसतो.

पैशाच्या गोष्टी देवळाबाहेर ठेवणे

देवाच्या नावाने माणसं चटकन विश्वास ठेवतात: स्वस्तातली काशीयात्रा, दुप्पट करून देणारी भिशी, मोबाइलवर आलेली "ट्रस्टची" लिंक. महिन्यातून एकदा दहा मिनिटं यावर बोला आणि 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक फळ्यावर कायम असू द्या. घरात छळ होतोय असं वाटलं तर ज्येष्ठांसाठी 14567 आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांताधिकाऱ्याकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिलं असेल आणि सांभाळ होत नसेल, तर ते बक्षीसपत्र रद्दही करून घेता येतं. आणि मंडळाने स्वतः कोणाकडून घर-जमीन लिहून घेऊ नये. आमच्याकडे एकदा तसा विषय निघाला होता, तो त्याच बैठकीत मिटवला.

हजेरीची वही आता एक आप्पा सांभाळतात. वय 81, अक्षर मोत्यासारखं. मध्यंतरी तेच दोन दिवस आले नाहीत. वही त्यांच्याच घरी, त्यामुळे कोणाला फोन करायचा हे कोणाला कळेना. शेवटी मेथीवाल्या मावशीच काठी घेऊन निघाल्या. आप्पांचा चष्मा फुटला होता, आणि नवा आणायला मुलाला रविवारशिवाय सवड नव्हती. मावशींनी वही काखोटीला मारली आणि आप्पांना हाताला धरून साडेपाचच्या आत मंडपात आणून बसवलं.